विरळणीच्या प्रस्तावावर ग्रामसभेने काय लिहावे? (किनवट तालुका)

प्रश्न – शाळामास्तर, किनवट तालुका

नमस्कार. मी किनवट तालुक्यातील एका लहान गावात प्राथमिक शिक्षक आहे. अक्षर बरे असल्यामुळे गावाच्या सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समितीची टिपणे लिहिण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आले आहे. गावाला लागून असलेल्या जंगलाचा एक तुकडा सागाच्या जुन्या लागवडीचा आहे आणि उरलेल्या भागात साग, धावडा, सालई, मोह, टेंभुर्णी, पळस असे मिश्र रान आहे. या दोन्ही भागांत विरळणी करावी, म्हणजे दाटीतली काही झाडे काढून उरलेल्यांना जागा द्यावी, आणि वाळलेली, किडलेली व वाकडी झाडे काढावीत, असा प्रस्ताव वनखात्याकडून आला असून त्यात ‘वनाचे आरोग्य सुधारणे’ हे कारण दिलेले आहे. ग्रामसभेने आपले मत लेखी कळवायचे आहे.

मला अडखळायला होते ते या ‘आरोग्य’ शब्दापाशी. पहिल्या बैठकीत जो तो उठून जंगल चांगले राहिले पाहिजे असेच म्हणत होता आणि तरीही दोन तासांनंतर एकमत झाले नाही. तरुण मुलांचे म्हणणे असे, की तोड झाली तर महिना-दोन महिने मजुरी गावातच मिळेल आणि कामासाठी नदीपलीकडे जावे लागणार नाही. ज्यांची शेते रानाला लागून आहेत, त्यांना झाडोरा कमी झालेला हवा आहे, कारण रानडुकरे त्यातच दडून बसतात आणि एका रात्रीत उभी ज्वारी लोळवतात. म्हाताऱ्या बायांनी विचारले, की वाळले लाकूड गाडीत भरून वनखात्याच्या आगारात गेले तर चुलीत काय घालायचे. कॉलेजात शिकणारा एक मुलगा पोकळ झाडे राखावीत म्हणून पोटतिडकीने बोलला आणि लोक त्याला हसले. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र सर्वांना गप्प केले. ते म्हणाले, “माणूस म्हातारा झाला, वाकला, म्हणून त्याला कोणी रोगी म्हणत नाही.”

जाणकारांना माझी विनंती अशी, की वाळलेले किंवा वाकडे झाड खरोखरच जंगलाला अपायकारक असते का, विरळणीचा फायदा नेमका कोणाला होतो आणि एकमेकांना छेद देणाऱ्या या अपेक्षा एकाच टिपणात कशा मांडाव्यात, याविषयी आपण सविस्तर लिहावे. कोणाची बाजू घ्यावी हे मी विचारत नाही, कारण मला या गावात राहायचे आहे.

उत्तर – निवृत्त वनपाल, नांदेड जिल्हा

गुरुजी, माझी सगळी नोकरी सागवानात गेली, तेव्हा माझे मत कोणत्या बाजूला झुकणार हे आपण आधीच धरून चालावे. तरीही प्रस्तावातील दोन भाग वेगळे करून पाहावेत, असे मी सुचवतो, कारण लागवडीच्या सागाला जो न्याय लागतो तो मिश्र रानाला लागत नाही.

साग हे उजेड मागणारे झाड आहे. दोन-दोन मीटरवर रोपे लावली की हेक्टरी अडीच हजार झाडे होतात आणि ती सगळी मोठी होणे कोणत्याही जमिनीत शक्य नसते. लावतानाच पुढे टप्प्याटप्प्याने काढण्याचा हिशेब धरलेला असतो. विरळणी वेळेवर झाली नाही तर झाडे काठीसारखी उंच आणि बारीक राहतात, शेंडे एकमेकांत अडकतात आणि खाली ऊन पोहोचत नसल्यामुळे गवतही नीट येत नाही. आपल्या लागवडीची विरळणी बरीच वर्षे झालेली नसेल, तर त्या तुकड्यापुरते खात्याचे म्हणणे मला योग्य वाटते. अर्थात येथे मी जाड, सरळ आणि विकता येईल अशा खोडाचा हिशेब करतो आहे, हेही मला मान्य केले पाहिजे.

मिश्र रानाची गोष्ट निराळी आहे. आमच्या कागदोपत्री जंगलाचे दोनच भाग असत, साग आणि आडजात. धावडा आडजात, सालई आडजात, मोईनही आडजात. हा शब्द मी नोकरीभर वापरला आणि ज्या धावड्याचा डिंक लोक विकतात, ज्याच्या लाकडाचे कुऱ्हाडीचे दांडे करतात, त्याला आपण ‘आड’ का म्हणतो हा विचार निवृत्तीनंतर, अंगणात बसल्यावर मनात आला. सागाला मोकळीक मिळावी म्हणून बाजूची आडजात काढणे याला सुधारणा म्हणायची आमची रीत होती. त्या रीतीने रान एकजिनसी होत गेले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आता किडीविषयी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात एका टेकडीवरचा सगळा साग तपकिरी पडलेला दिसला. पाने हातात घेतली तर नुसत्या शिरांची जाळी उरली होती. वनरक्षकाने ‘साग मेला’ असा निरोप धाडला आणि मीही घाबरून तसाच अहवाल लिहिला. आमच्या वरिष्ठांनी तो वाचून मला पावसाळ्यापर्यंत थांबायला सांगितले. पुढच्या जूनमध्ये ती टेकडी पुन्हा हिरवी झाली. पाने जाळीदार करणारी ती अळी सागावर येतच असते, त्याने वाढ मागे पडते पण मोठे झाड सहसा मरत नाही. यावरून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. साग फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत निष्पर्ण असतो, म्हणून वाळलेली झाडे ठरवून त्यांवर तोडीची खूण करण्याचे काम, म्हणजे मार्किंग, त्या दिवसांत करू देऊ नये. पालवी फुटल्यावर करावे, आणि शंका असेल तेथे नखाने साल खरवडून आतला थर हिरवा आहे का, हे पाहावे.

दुसरी व्यवहाराची गोष्ट अशी, की कोणते झाड जाईल हे प्रस्तावाच्या कागदावर ठरत नाही, ते मार्किंगच्या दिवशी ठरते. छातीच्या उंचीवर, म्हणजे 1.37 मीटरवर, घेर मोजतात आणि हातोड्याचा ठसा मारतात. एक ठसा बुडाशीही असतो आणि झाड पडल्यावर तो खुंटावर राहतो. समितीच्या दोन माणसांनी त्या दिवशी वही घेऊन सोबत फिरावे आणि तोडीनंतर ठसा नसलेले खुंट शोधावेत. एवढे झाले तर अर्धे वाद जागेवरच मिटतात.

रानडुकरांच्या बाबतीत मात्र शेतकरी बंधूंची निराशा होण्याचा संभव आहे. वरचा छत्रभाग मोकळा झाला की खाली ऊन येते, आणि ऊन आले की आधी घाणेरी आणि रानतुळस माजते. दोन पावसाळ्यांत डुकरांना पूर्वीपेक्षा दाट आडोसा मिळालेला मी पाहिला आहे.

उत्तर – गौताळ्याचा फिरस्ता, छत्रपती संभाजीनगर

गुरुजी, तुमच्या गावातील ज्या मुलाला लोक हसले, त्याच्या बाजूने मी लिहितो आहे. वनपाल काकांनी लागवडीविषयी लिहिलेले मला पटते. वाळलेल्या झाडांबद्दल मात्र त्यांनी ती खरोखर वाळली आहेत का, एवढाच प्रश्न विचारला. खरोखर वाळली असली तरी ती का काढावीत, हा प्रश्न उरतोच.

आपल्या पानगळीच्या जंगलात सुतार पक्षी आणि तांबट मेलेल्या किंवा कुजत आलेल्या लाकडात स्वतः ढोली कोरतात. त्यांनी सोडलेल्या ढोलींत पुढे मैना, दयाळ, पिंगळे आणि पोपट राहतात, कारण यांपैकी बहुतेकांच्या चोचीत लाकूड कोरण्याचे बळ नसते. राखी धनेशाची मादी तर जुन्या झाडाच्या नैसर्गिक पोकळीत शिरून तोंड लिंपून घेते आणि नर बारीक फटीतून तिला आठवडेच्या आठवडे फळे भरवत राहतो. तशी पोकळी व्हायला झाड पुष्कळ जुने असावे लागते. वाकडी, पोकळ, म्हातारी झाडे काढून सरळ तरुण झाडे ठेवली, तर लाकडाच्या हिशेबात ते रान निरोगी ठरेल आणि तेथे धनेशाला विणीसाठी एकही जागा उरणार नाही.

कायद्यानेही हा विचार एका मर्यादेत स्वीकारलेला आहे. जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे वनखात्याच्या कामांच्या मंजूर आराखड्याशिवाय, जंगलात तोड करता येणार नाही असे सांगितले आणि त्याच प्रकरणात 14 फेब्रुवारी 2000 रोजी राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून मेलेली, मरणासन्न, रोगट किंवा वाऱ्याने पडलेली झाडे, इतकेच काय गवतही, काढण्यास मनाई केली. तुमचे जंगल अभयारण्यात नसेल तर हा दुसरा आदेश तुम्हाला लागू नाही, पण मेलेले झाडही जंगलाचाच भाग आहे हे त्यातून दिसते.

येथे मला माझ्याच बाजूविरुद्ध एक गोष्ट सांगितली पाहिजे. गौताळा औट्रम घाट अभयारण्य 1986 मध्ये घोषित झाले. त्याच्या कडेच्या एका गावात मी चहाला थांबलो असता एक बाई म्हणाल्या, की तुमच्या पाखराला काटकी ठेवायची म्हणून माझ्या डोक्यावरची मोळी उतरवतात. मला उत्तर देता आले नाही आणि अजूनही देता येत नाही. मी दुर्बीण घेऊन महिन्यातून एकदा जातो, त्या रोज जातात. उभे वाळलेले मोठे झाड राखावे आणि जमिनीवर पडलेली फांदी-काटकी बायांना न्यावी, असा मधला मार्ग मी स्वतःपुरता काढला आहे. तो किती टिकेल हे तुमच्या गावाने ठरवावे.

उत्तर – लातूरकर

आपण सर्व जण कोणती झाडे तोडावीत यावर चर्चा करता आहात याचाच मला हेवा वाटतो. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने देशाचा एक तृतीयांश भूभाग वृक्षाच्छादनाखाली असावा असे म्हटले आहे, आणि राज्यात सर्वांत कमी वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांत आमचा जिल्हा मोडतो. 2016 मध्ये रेल्वेने पाणी आलेल्या गावात वाढलेल्या माणसाला ‘तोड’ हा शब्द ऐकूनच धसका बसतो. हाती कुऱ्हाड घेऊन जंगल सुधारते, ही कल्पना पचायला मला वेळ लागेल. त्यातच वनाच्छादन मोजताना उपग्रहाच्या चित्रावर एक हेक्टरहून मोठ्या जागेत छत्राची घनता 10 टक्के किंवा अधिक असली की ते वन धरतात, मग ती आंब्याची बाग असली तरी चालते, हे अलीकडेच समजले. तेव्हा आम्ही ज्या आकड्यासाठी झुरतो, त्याला तरी आरोग्य कळते का, अशी शंका येऊ लागली आहे.

उत्तर – पैनगंगाकाठची लेक, सध्या मुक्काम नांदेड

माझे माहेर माहूर तालुक्यातले. आईने आयुष्यभर मोह वेचला आणि तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीची, पाने तोडली. त्यावर आमची शिक्षणे झाली, म्हणून या चर्चेत मोहाविषयी कोणी तरी बोललेच पाहिजे असे वाटून लिहिते आहे.

वनपाल काकांनी ‘आडजात’ शब्दाबद्दल जे लिहिले ते वाचून बरे वाटले. आमच्या घरी जंगलाची मोजणी नेमकी उलटी होती. साग हे सरकारचे झाड, त्याच्याकडे पाहूसुद्धा नये, असे आई सांगत असे. आमची झाडे म्हणजे मोह, चारोळी, टेंभुर्णी, बिबा आणि डिंकासाठी धावडा. कोणता मोह कोणत्या घराचा हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते, कुठेही लिहिलेले नव्हते आणि त्यावरून भांडण झालेले मी एकदाच पाहिले. वनहक्क कायदा 2006 मध्ये आला. त्यात गौण वनोपजावर लोकांची मालकी मान्य केली आहे आणि त्याच्या व्याख्येत बांबू, मध, डिंक, तेंदू, औषधी वनस्पती, झुडपी लाकूड, खुंटसुद्धा येतात. इमारती लाकूड मात्र येत नाही. माझ्या मते तुमच्या बैठकीतला पेच येथेच आहे. खाते ज्या गोष्टीचा हिशेब ठेवते ती गावाची नाही आणि गाव ज्या गोष्टीवर जगते ती खात्याच्या वहीत येत नाही, म्हणून एकाच रानात दोघांनाही आपापल्या परीने खरीच, पण वेगवेगळी दुखणी दिसतात.

मात्र आम्ही निर्दोष होतो असे मी म्हणणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात आणि पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला जाळायची आमच्याकडे पद्धत होती. तेंदूला कोवळी पाने चांगली फुटावीत म्हणूनही रान पेटवत असत. एका वर्षी आमच्याच बुंध्याखालचा जाळ वाऱ्याने हातचा गेला आणि संध्याकाळपर्यंत सगळी टेकडी काळी झाली. त्या दिवशी आई जेवली नाही. पुढच्या हंगामापासून ती भल्या पहाटे खराट्याने झाडून घेऊ लागली. त्याला दुप्पट वेळ लागतो, आणि रोजंदारी बुडवून इतर बायांनी तसेच करावे असे मी शहरात बसून सांगणे शोभणार नाही.

आणखी एक गोष्ट गेल्या वर्षी माझ्या लक्षात आली. गावातले सगळे मोह म्हातारे आहेत. माझ्या आजीच्या काळातले, तेच. फुले आम्ही वेचतो, बिया तेलासाठी वेचतो, एखादे रोप उगवलेच तर ते आगीत जाते किंवा शेळ्या खातात. मांडीएवढ्या खोडाचा मोह मी शोधला आणि मला एकच सापडला, तोही शेताच्या बांधावर. गुरुजी, वाळलेली झाडे किती आहेत हे खाते मोजेल. मोठ्या झाडाखाली त्याची पोरे-बाळे आहेत की नाहीत, हे तुम्ही मोजावे, अशी माझी विनंती आहे. आमचे रान आज हिरवे दिसते, पण या मोजणीत ते नापास होईल आणि त्यात कुऱ्हाडीचा काहीही दोष नसेल.

प्रश्नकर्ता – शाळामास्तर

ताई, आपण लिहिलेले मी काल समितीत वाचून दाखवले. बायांनी लगेच नावे घेऊन सांगितले, की आमच्याकडेही लहान मोह नाही. जाळाच्या भागावर मात्र सगळ्या गप्प राहिल्या.

वनपाल साहेबांना एक विचारायचे आहे. मिश्र रानातील मोह, चारोळी, टेंभुर्णी मार्किंगमधून वगळा, असे आम्ही लिहिले तर खाते ते मान्य करते का?

उत्तर – निवृत्त वनपाल, नांदेड जिल्हा

फळझाडे राखण्याची रीत आमच्या वेळीही होती, त्यामुळे ती मागणी कोणाला जड जाऊ नये. तरी झाडांची नावे लिहूनच द्यावीत, ‘उपयुक्त झाडे’ असे मोघम लिहू नये.

गौताळ्याच्या फिरस्त्यांना मात्र मला विरोध नोंदवायचा आहे. उभे वाळलेले प्रत्येक झाड राखा, हे दुर्बिणीतून ठीक दिसते. पायवाटेवर झुकलेल्या वाळक्या धावड्याखालून बाया मोळ्या घेऊन जातात आणि वळवाच्या वाऱ्यात तो कोसळतो तेव्हा जबाबदारी बीटच्या माणसावर, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकावर, येते. असे एक पंचनाम्याचे काम मी केलेले आहे, त्याचे वर्णन येथे करत नाही. वाटा, पाणवठे आणि गुराख्यांच्या बसण्याच्या जागा यांच्या आसपासची वाळकी झाडे काढावीत आणि आतली राखावीत, येथपर्यंत मी येऊ शकतो.

तसेच तोडीनंतर फांद्या आणि पाला जागेवर पडून राहिला, तर मार्चमध्ये त्याचाच वणवा होतो. जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करणे आणि तोडीचा कचरा उन्हाळ्याआधी उचलणे, ही अट टिपणात असलीच पाहिजे. तो कचरा म्हणजेच बायांचे सरपण आहे, तेव्हा या एका बाबतीत तरी सर्वांचे हित जुळते.

उत्तर – वनशास्त्राचा अभ्यासक, परभणी

‘वनाचे आरोग्य’ या शब्दावरचा वाद आपल्यापुरता नाही, म्हणून थोडे दूरचे उदाहरण देतो. अमेरिकेच्या वनसेवेने 1935 मध्ये असे धोरण ठरवले, की कोठेही लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. तेथील पश्चिमेकडच्या कोरड्या पाइन जंगलांत अधूनमधून लागणारी जमिनीलगतची आग लहान झाडोरा साफ करत असे. ती थांबल्यावर बारीक झाडांची दाटी झाली आणि मग लागणारे वणवे शेंड्यापर्यंत चढू लागले. पुढे 2003 मध्ये निरोगी वनांच्या नावाने तेथे कायदाच झाला आणि विरळणीला वेग देण्यात आला. बारीक झाडांची दाटी झाली आहे, हे पुष्कळ विरोधकांनाही मान्य होते. त्यांना भीती होती ती मोठ्या झाडांची, कारण बारीक झाडाला किंमत येत नाही आणि विरळणीचा खर्च लाकूड विकून काढायचा म्हटले की कुऱ्हाड जाड खोडाकडे वळते.

तेथील आगीचा सिद्धांत आपल्याकडे जसाच्या तसा उचलू नये. आपल्या सागवानात आग बहुधा पाचोळ्याची असते, ती शेंड्याला जात नाही, रोपे मात्र मारते. किंमतीचा प्रश्न येथेही तोच आहे. म्हणून गुरुजी, विरळणीचा खर्च कशातून निघणार आहे आणि किमान किती घेराच्या झाडाला हात लावला जाणार नाही, हे खात्याला लेखी विचारावे. प्रस्ताव आरोग्यासाठी असेल तर त्याचे उत्तर देणे अवघड नाही.

किडीसाठी तोड ही कधी कधी खरोखर आवश्यक असते, हेही सांगितले पाहिजे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशातील मंडला भागात सालवृक्षांवर खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची मोठी साथ आली. त्या किडीत ग्रासलेली झाडे काढल्याशिवाय पुढचा प्रसार थांबत नव्हता, आणि तरी किती झाडे तोडावीत यावर एवढा वाद झाला की तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे वापरलेला एक उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. मोजकी झाडे पाडून त्यांची साल ठेचायची, त्या रसाच्या वासाने भुंगेरे गोळा होतात, मग गावकऱ्यांनी ते वेचून मारायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. सागावरच्या पाने खाणाऱ्या किडींना हा न्याय लागू पडत नाही. केरळ वन संशोधन संस्थेने नीलांबूरच्या चार ते नऊ वर्षांच्या सागलागवडीत पाने फस्त करणाऱ्या अळीचा अभ्यास केला, तेव्हा लाकडाची वाढ सुमारे 44 टक्क्यांनी घटल्याचे आढळले, पण झाडे उभीच होती. लाकूड हवे असणाऱ्याला हा मोठा तोटा आहे. ज्याला जंगल हवे आहे, त्याला तो तोटा वाटेलच असे नाही. आकडा दोघांसाठी एकच आहे, तो जाणवतो मात्र वेगवेगळा.

टिपणाच्या रचनेबद्दल म्हणाल, तर कीड आहे का, रोपे आहेत का, कोणत्या घेराची किती झाडे आहेत, हे रानात जाऊन पाहता येते आणि त्यावर मत मागू नये. या रानातून आपल्याला आधी काय हवे, सरपण, मोह, मजुरी, पाखरे की लाकूड, हे मोजून कळत नाही. ते ग्रामसभेने बोलूनच ठरवावे लागते आणि कोणाचे मागणे मागे ठेवले हेही लिहावे लागते. वनहक्काच्या नियमांनुसार समितीला स्वतःचा संवर्धन आणि व्यवस्थापन आराखडा करता येतो आणि तो खात्याच्या कार्य आयोजनेशी जोडून घ्यायचा असतो. तसा आराखडा नसेल, तर नुसत्या प्रस्तावावर मत देण्यापेक्षा तो करायला घ्यावा.

प्रश्नकर्ता – शाळामास्तर

सर्वांचे आभार. आराखडा आमच्याकडे नाही, हे मला लिहायला संकोच वाटतो, पण खरे तेच आहे.

कालच्या सभेत पुढील मजकूर ठरला. लागवडीच्या तुकड्यात विरळणीला ग्रामसभेची हरकत नाही, मात्र खर्च कशातून निघणार आणि किती घेरावरची झाडे राखणार हे आधी कळावे आणि मजुरीवर गावातील लोक घ्यावेत. मिश्र रानात विरळणी नको. तेथील वाळलेल्या झाडांचे मार्किंग पालवी फुटल्यानंतर, समितीची दोन माणसे सोबत घेऊन करावे, आणि वाटा व पाणवठ्यांजवळची झाडेच काढावीत. तोडीतून निघणारा पालापाचोळा आणि काटक्या गावाच्या सरपणासाठी सोडाव्यात आणि त्या उन्हाळ्यापूर्वी उचलण्याचे गावाने कबूल करावे. मोह, चारोळी, टेंभुर्णी, बिबा आणि धावडा ही नावे घालून राखलेली आहेत.

कोणाचे मागणे मागे राहिले हेही लिहिले. शेताकडच्या लोकांना विरळणीने डुकरे कमी होणार नाहीत हे पटवून देता देता रात्रीचे अकरा वाजले, आणि ते पटले असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. त्यांची नाराजी नावांशिवाय टिपणात नोंदवली आहे. मुलांना दोन महिन्यांऐवजी फार तर पंधरा दिवसांचे काम मिळेल. त्यांच्यातील एक जण उठून म्हणाला, की पाखराला घर मिळाले आणि मला गाडीभाडे. हे वाक्य मी टिपणात घ्यावे की नाही यावर वाद झाला आणि शेवटी ते घेतले.

मोहाखालचा पाला जाळण्याबद्दल ठराव झाला नाही. बायांनी पुढच्या सभेपर्यंत मुदत मागितली आहे, आणि त्यांच्यापैकी दोघींनी मला नंतर बाजूला घेऊन ताईंची आई कसला खराटा वापरत असे, हे विचारायला सांगितले आहे. ताईंनी कृपया कळवावे.

येत्या रविवारी आम्ही मोह मोजायला निघणार आहोत. त्या कॉलेजातल्या मुलाकडे वही दिली आहे. चुन्याची बादली आणि कुंचा मी शाळेतून नेणार आहे. ज्या झाडाला हात लावायचा नाही त्याच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढायचा, आणि मांडीएवढ्या खोडाचा मोह सापडला तर त्याला दोन.